पायरी क्रमांक चार

माझी सून उज्ज्वला पहिल्यांदा नापास झाली तेव्हा निकालाचा कागद तिनं माझ्याकडे आणून दिला. बारीक अक्षरांतलं काहीही वाचायचं असलं की आमच्या घरात ते माझ्याकडेच येतं.

"मामा, बघा बरं काय म्हणायलेत ते. चोवीस वर्षं झाली नोकरीला, मला कुणी असं लिहून दिलं नव्हतं."

मी चष्मा लावला. एकच ओळ होती. 'पायरी क्रमांक चार वगळली. त्रुटी गंभीर.'

ती ओळ माझी होती. शब्द माझे, 'त्रुटी'च्या आधी 'गंभीर' न लिहिता नंतर लिहायची खोडही माझीच. नऊ वर्षांपूर्वी मी ती लिहिली होती, आणि मग यंत्रानं ती आपली म्हणून ठेवून घेतली होती.

"काय लिहिलंय?" तिनं पुन्हा विचारलं.

"पट्टा बांधला नाहीस म्हणतात," मी म्हणालो आणि कागद घडी करून परत दिला.

त्या यंत्राला 'पारख' म्हणतात. मी काही शास्त्रज्ञ नाही. नांदेडच्या एका परिचर्या विद्यालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. पुस्तकं वाचली, हाताळली, बांधून घेतली, पण रुग्णाला कधी हात लावला नाही. त्यामुळे सांगण्यात चूक झाली तर ती माझी समजावी.

पूर्वी नर्सचा परवाना कागदी असे. ज्या राज्यात शिकलात तिथल्या परिषदेत नाव नोंदवायचं. दुसऱ्या राज्यात जायचं तर आधी इथलं ना-हरकत पत्र, मग तिथली नोंदणी. त्यात सहा-सहा महिने जात आणि शिकलेल्या मुली घरी बसून राहत. हे संपवण्यासाठी आंतरराज्य परवाना मंडळ आलं आणि त्यानं पारख आणली. नर्सच्या हातमोज्यात केसाएवढ्या तारांची जाळी असते. बोटांचा दाब, सुईचा कोन, दोन हालचालींमधला वेळ, हे सगळं ती सेकंदाला शंभर वेळा मोजते. खाटेवरचा कॅमेरा हात बघतो. हे काम बरोबर की चूक, ते पारख ताबडतोब ठरवते आणि त्यावरून त्या नर्सचा गुणांक बदलत राहतो. औषधांचं कपाट आणि सलाईनचा पंप हा गुणांक वाचून उघडतात. तो कमी झाला की उघडत नाहीत.

मोजपट्टी देशभर एकच, पण रेघ प्रत्येक राज्यानं आपापली आखली. महाराष्ट्रानं जुन्या नोकरीची पुण्याई धरली, काम न मोजताच पूर्ण गुणांक दिला, म्हणून उज्ज्वलासारख्या सिस्टरांना कधी अडचण आली नाही. पलीकडे तेलंगणात सगळ्यांनी शून्यापासून सुरू करायचं, प्रत्यक्ष रुग्णावर परीक्षा द्यायची. संधी तीन. तिसऱ्यांदाही नापास झालात तर ती नोंद सगळ्या राज्यांत जाते आणि घरच्या राज्यातलं कपाटही बंद होतं, कायमचं.

आमच्या देगलूरच्या ज्या दवाखान्यात ती होती, तो मालकानं बंद करून सीमेपलीकडे मोठा बांधला आणि जुन्या सिस्टरांना तिकडे बोलावलं. म्हणून ही परीक्षा. अर्ज भरताना ती हसत होती. म्हणाली होती, "माझी काय परीक्षा घेतील, मामा? मीच त्यांना दोन गोष्टी सांगून येते."

आता माझ्या वाट्याचं सांगतो.

यंत्राला बरोबर-चूक उपजत कळत नाही. कुणीतरी माणसानं हजारो नमुने बघून 'हे बरोबर, हे चूक' असं सांगावं लागतं, तेव्हा ते त्यातून शिकतं. पारख घडत होती तेव्हा नर्सांना पाळ्यांमधून सवड नव्हती. म्हणून मंडळानं जाहिरात दिली : परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांचं ज्ञान असलेल्यांना घरबसल्या काम. मी निवृत्त होऊन घरीच होतो. त्यातलं मुख्य पुस्तक तर मी तीनदा बांधून घेतलं होतं.

अठरा हजार चित्रफिती मी तपासल्या. एकेक जेमतेम मिनिटाची. दिसायचे फक्त हातमोज्यातले दोन हात आणि रुग्णाचा दंड ते पंजा. शिरेत कॅन्युला, म्हणजे सलाईनची बारीक नळी, घालण्याच्या पुस्तकाप्रमाणे नऊ पायऱ्या आहेत. चौथी पायरी : टोचायच्या जागेच्या चार बोटं वर पट्टा आवळून बांधावा. बहुतेक जणी बांधायच्या. चारशे बारा फितींमध्ये पट्टा नव्हता. त्यातले रुग्णांचे हात वाळलेले होते, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. सिस्टर तो हात खाटेखाली लोंबता सोडायची, अंगठ्यानं हलकं चोळायची, दोन बोटं ठेवून क्षणभर थांबायची आणि सुई आत. एकदाही चुकलेली मी पाहिली नाही.

मला शंका आली होती, हे मी नाकारत नाही. पुस्तक पुन्हा वाचलं. त्यात अपवाद नव्हता. उज्ज्वला पलीकडच्या खोलीत रात्रपाळी करून झोपली होती. उठवून विचारावं म्हणून मी दारापर्यंत गेलो. सुनेला झोपेतून उठवायचं, तेही असल्या बारीकशा गोष्टीसाठी? परत आलो. संध्याकाळी ती पोळ्या लाटत होती तेव्हा पुन्हा मनात आलं; पण इतकी वर्षं नर्सिंगची पुस्तकं सांभाळली आणि एवढं माहीत नाही, असं तिला वाटेल, म्हणून गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी चारशे बाराही फितींवर ती ओळ लिहिली.

नापास झाल्याच्या संध्याकाळी तिनंच मला ते सांगितलं, मी न विचारता. "म्हाताऱ्या माणसाला पट्टा बांधायचा नसतो, मामा. शीर आधीच पातळ झालेली असते. पट्टा आवळला की आत रक्त तुंबतं, अन् सुई लागली की ती फुटते. वरून काही दिसत नाही. अर्ध्या तासानं हात काळानिळा. हे काय पुस्तकात बघायचं असतंय का?"

चित्रफीत कॅन्युलात रक्त दिसलं की संपते. अर्ध्या तासानंतरचं पारखेनं कधी पाहिलेलंच नाही.

माझा मुलगा सुगत जेवता जेवता म्हणाला, "अगं, मग तिथं बांध अन् कामावर सोड. परीक्षेत खरं कोण लिहितंय? मी दहावीला नागरिकशास्त्रात काय काय लिहिलं होतं, विचार बाबांना."

"तू कागदावर लिहिलं होतंस," ती म्हणाली. "माझ्या पुढं माणूस असतोय."

तरी दुसऱ्या वेळी तिनं पट्टा बांधला. आणि नापास झाली.

या वेळच्या कागदावर वेगळी ओळ होती : 'संकोच : २.८ सेकंद.' पट्टा आवळल्यावर सुई टेकवण्याआधी तिचा हात थांबला होता. ज्याला काम येतं त्याचा हात अडखळत नाही, असं पारख लाखो फितींतून शिकली आहे, आणि ते खोटंही नाही. मर्यादा दीड सेकंदाची. तिला काम येत नाही म्हणून हात थांबला, की फार चांगलं येतं म्हणून, हे वेगळं करायला यंत्राजवळ काही नाही.

मी मंडळाला पत्र लिहिलं. पाच वेळा खोडून लिहिलं. 'अमुक वर्षी अमुक नमुन्यांवरच्या माझ्या खुणा अज्ञानातून झाल्या असून त्या काढून टाकाव्यात.' चार दिवसांनी एका बाईंचा फोन आला. फार सौजन्यानं बोलल्या.

"काका, तुमची खूण आता वेगळी अशी उरलेली नाही. मीठ पाण्यात विरघळल्यावर तुमचा खडा कुठला, हे कसं काढणार?"

"मग काही उपायच नाही?"

"आहे ना. पट्टा न बांधता केलेल्या कामाचे नवे नमुने द्या. किमान चारशे. परवानाधारक नर्सांचे, गेल्या वर्षभरातले. यंत्र पुन्हा शिकेल."

मी म्हणालो, "पण तसं केलं की गुणांक घसरतो. कपाट बंद होतं. मग तसं कोण करील?"

"हो," त्या म्हणाल्या. "वर्षभरात देशभरातून असे नऊ आलेत. त्या नऊही जणी आता परवानाधारक नाहीत, त्यामुळे ते धरता येत नाहीत."

तिसरी परीक्षा तीन आठवड्यांवर होती. उज्ज्वला स्वयंपाकघरात बसून राहायची. एकदा भाजी करपल्याचा वास आला म्हणून मी गेलो, तर ती कढईकडेच बघत होती.

"हात थांबायलाय, मामा," ती म्हणाली. "मी सांगते त्याला थांबू नको म्हणून. तो ऐकत नाही. चोवीस वर्षं मीच त्याला शिकवलंय की म्हाताऱ्या हाताला पट्टा लावायचा नाही. आता या वयात त्याला कसं विसरायला लावू? अन् नापास झाले तर उद्यापासून मी काय करू? दुसरं काही येत नाही मला. सुगतच्या दुकानात बसून मोबाईलच्या काचा पुसू?"

"सराव कर," मी म्हणालो.

"कुणावर? बाहुलीवर हात थांबत नाही. त्याला कळतं ती बाहुली आहे."

मी सदऱ्याची बाही वर केली. मी बहात्तर वर्षांचा आहे. माझ्या हाताची कातडी त्या फितींमधल्यासारखीच झाली आहे.

ती आधी चिडली. "वेड लागलंय का तुम्हाला?" मग सुगत चिडला. मग दोघं एकमेकांवर चिडले. पण दिवस कमी होत होते. परीक्षा केंद्रावरून सरावाचे हातमोजे भाड्यानं मिळतात. त्यांना छोटा पडदा जोडलेला असतो, त्यावर संकोचाचा आकडा उमटतो. चौथ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर तिनं मला खुर्चीत बसवलं, हात उशीवर ठेवला आणि पट्टा आवळला.

२.६.

सुई आत गेली तेव्हा फारसं दुखलं नाही. अर्ध्या तासानं कोपराखाली जांभळाएवढा डाग उठला. तिनं बर्फ लावला. कितीतरी वेळ लावत राहिली.

दुसऱ्या दिवशी डावा हात. २.४. मग पुन्हा उजवा, थोडा खाली. रोज दोनदा. संध्याकाळी फिरायला जाताना मी पूर्ण बाह्यांचा सदरा घालू लागलो. दहाव्या दिवशी २.१ आला. डाग एकमेकांत मिसळले, कडेला पिवळे पडले, वर नवे उठले. सुगत त्या वेळेला घरी थांबेनासा झाला.

अकराव्या दिवशी पट्टा आवळून तिनं सुई उचलली आणि मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. अठरा हजार फिती, चारशे बारा, ती ओळ, तिच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत आलो ते.

ती सुई तशीच धरून ऐकत होती. पट्टा आवळलेलाच होता; माझी बोटं बधिर होत चालली होती.

"मला उठवायचं होतंत ना," ती म्हणाली.

"हो."

"एक हाक मारायची होती. मी काय खाणार होते तुम्हाला?"

ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या दंडाकडे बघत होती.

"आमच्या दवाखान्यातूनही फिती गेल्या होत्या त्या वर्षी. आमच्या सगळ्यांच्या घेतल्या होत्या. त्या चारशे बारामध्ये मी होते?"

"माहीत नाही गं. तोंड दिसत नव्हतं. हातमोज्यातले हात सगळे सारखेच."

"माझे हात ओळखू येत नाहीत तुम्हाला? वीस वर्षं तुम्हाला जेवायला वाढतायत."

हे ती ओरडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिनं पट्टा सोडला, सुई डब्यात टाकली आणि आत गेली. मला वाटलं, संपलं. पण पाच मिनिटांनी ती नवी सुई घेऊन आली, खुर्ची पुढं ओढली आणि माझा दुसरा हात उशीवर घेतला. या वेळी स्पिरिटचा बोळा घासताना तिनं नेहमीसारखं 'थंड लागंल हं' म्हटलं नाही. पट्टा करकचून आवळला. सुई गेली.

१.३.

आम्ही दोघंही त्या आकड्याकडे बघत राहिलो. मला कळलं की तो का उतरला. तिलाही कळलं असावं, कारण तिनं पडदा पालथा केला.

पुढच्या आठवड्यात आकडा उतरतच गेला. ०.९. ०.६. ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. "हात इकडं. मूठ वळा. सोडा." परीक्षेच्या आदल्या दिवशी ०.२ आला, आणि ती सुई काढता काढता सुगतला म्हणाली, "गॅसवर दूध ठेवलंय बघ." तिचं लक्षसुद्धा नव्हतं.

परीक्षा तेलंगणातल्या बांसवाड्याला होती. सुगतनं दुकानाचं निमित्त काढलं, म्हणून सोबत मी गेलो. केंद्रावर एक दालन होतं, त्याला काचेची भिंत. नातेवाइकांना बाहेरच्या बाकावरून दिसायचं, वर लावलेल्या कर्ण्यातून ऐकू यायचं. उज्ज्वलाच्या वाट्याला आलेली बाई बिचकुंद्याकडची होती. त्या भागात मराठी बोलतात. ऐंशीच्या पुढची, उलट्या-जुलाबांनी पार सुकलेली, हात चुलीतल्या काटकीसारखे. अशाच हातासाठी पट्टा सोडायचा असतो, एवढं आता मलाही कळत होतं.

"आजी, कुठून आलात?"

"बिचकुंद्याहून गं माय. कालपास्नं पोटात पाणी ठरंना."

"आता ठरंल."

तिनं पट्टा घेतला. चार बोटं वर. आवळला. मी मनात म्हणत होतो की थांब. खरंच म्हणत होतो. अडीच आठवडे तो हात थांबू नये म्हणून मी माझे दोन्ही हात दिले होते, आणि आता बाकाची कड धरून मी म्हणत होतो की थांब, नापास हो, काच पुस, पण थांब.

हात थांबला नाही. कॅन्युलात रक्त दिसलं. पडद्यावर हिरवा दिवा लागला.

"झालं बी?" म्हातारी म्हणाली. "लई हलका हात हाय गं बाई तुझा. मला कळलं सुदिक नाही. सुखी राहा."

परीक्षक तरुण मुलगा होता. त्यानं हातातल्या पाटीवर काहीतरी दाबलं आणि खुशीत म्हणाला, "अभिनंदन, सिस्टर. संकोच शून्य पूर्णांक एक. या केंद्रावर एवढा कमी आम्ही पाहिला नाही. तुमची फीत नमुना म्हणून निवडली गेलीय. नव्या मुलींना हीच दाखवतील आता."

"मी थोडं बसू का आजींजवळ?" उज्ज्वलानं विचारलं.

"रेकॉर्डिंग संपलंय, सिस्टर. गरज नाही."

"तरी बसते."

ती अर्धा तास बसली. मी काचेतून बघत होतो. विसाव्या मिनिटाला तिनं म्हातारीच्या हातावरून पदर थोडा सरकवला आणि पुन्हा तसाच घातला. बर्फ मागितला. कुणीतरी आणून दिला. म्हातारी झोपली होती. नंतर उज्ज्वलानं त्या मुलाला बोलावून तो हात दाखवला. त्यानं वाकून बघितलं, मान हलवली आणि अगदी खरेपणानं म्हणाला, "या वयात होतं असं. हल्ली सगळ्यांनाच होतं."

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. दुपारचं ऊन होतं, खिडकीतून गरम वारा येत होता. तिच्या अंगावर परीक्षेचा पांढरा गणवेश तसाच होता. मद्‌नूर आलं तेव्हा ती एकदम म्हणाली, "मामा, हात द्या."

मी बाही वर केली. तिनं माझा हात मांडीवर घेतला, खाली लोंबता सोडला, अंगठ्यानं हलकं चोळलं, दोन बोटं टेकवली आणि डोळे मिटले. पट्टा न बांधता शीर शोधत होती, पूर्वीसारखी. बोटं मनगटापासून वर सरकली, थांबली, परत खाली आली. पुन्हा वर. बस खड्ड्यातून गेली, तरी तिनं डोळे उघडले नाहीत.

"नाही लागत," ती म्हणाली.

"माझ्या शिरा आता राहिल्यात कुठं," मी म्हणालो. "सगळ्या फुटल्यात. तुझ्या बोटांचा दोष नाही."

"खरं सांगायलात, की मला बरं वाटावं म्हणून?"

मला खरोखरच माहीत नव्हतं. या बाबतीत माझ्या माहितीवर तिनं पुन्हा विसंबावं, असंही मला वाटत नव्हतं. मी तसंच सांगितलं.

तिनं बसभर नजर फिरवली. पुढच्या बाकावर धोतर नेसलेले एक म्हातारे गृहस्थ काठीवर हनुवटी टेकून बसले होते. ती उठली, दांडी धरत त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"बाबा, जरा हात दाखवता का तुमचा?"

त्यांनी तिच्या पांढऱ्या कपड्यांकडे बघितलं आणि काही न विचारता हात पुढं केला. डॉक्टरला, सिस्टरला देतात तसा, सवयीनं. बसमधल्या दोघातिघांनी माना वळवल्या. उज्ज्वलानं तो हात खाली सोडला, चोळला, बोटं ठेवली आणि डोळे मिटले.

सीमेची कमान मागे गेली. देगलूरची घरं दिसू लागली, वाहक 'उतरणारे पुढं या' म्हणाला. तिची बोटं अजून त्या हातावर फिरत होती.